फेसाळत्या पिंपाकाठचा धर्मोपदेशक

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून पनवेल तालुक्यातील कोनजवळ बाहेर पडले, की एका अंगाला तळोज्याचा आणि दुसऱ्या अंगाला रसायनी-पाताळगंगेचा औद्योगिक पट्टा लागतो. वायूचे सिलिंडर वाहून नेणारे ट्रक या भागातील रहिवाशांना नवे नाहीत. रस्त्याकडेच्या सोड्याच्या गाडीवर असाच एक सिलिंडर उभा असतो. त्याच्या डोक्यावर पितळी रेग्युलेटर आणि दोन घड्याळवजा दाबमापके असतात. उन्हाने कासावीस झालेला वाटसरू ग्लासभर फसफसते पाणी पितो आणि पुढे जातो. त्या पाण्यातले बुडबुडे पहिल्यांदा माणसाच्या मर्जीने पाण्यात कोणी कोंडले, असा प्रश्न त्याला पडत नाही. या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील एका बिअर कारखान्याच्या शेजारी राहिलेल्या धर्मोपदेशकाच्या चरित्रात दडले आहे. जोसेफ प्रीस्टली हे त्यांचे नाव. प्राणवायूचा शोध लावणारे म्हणून शालेय पुस्तकांतून ते सर्वांना ठाऊक आहेत. मात्र वायूंच्या जगात त्यांनी पहिले पाऊल टाकले ते बिअरच्या आंबत्या पिंपावर वाकून, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

पोरका, तोतरा आणि बंडखोर

प्रीस्टली यांचा जन्म १७३३ च्या मार्च महिन्यात यॉर्कशायर परगण्यात, लीड्सजवळच्या बर्स्टल या गावी झाला. वडील कापडाला अखेरचा हात देणारे कारागीर होते. सहा भावंडांत जोसेफ थोरला. तो सहा-सात वर्षांचा असतानाच आई बाळंतपणात वारली. पुढे त्याला निपुत्रिक आणि सुस्थितीतील आत्याने सांभाळले. आत्या सारा कीथली या धर्मनिष्ठ होत्या, पण त्यांच्या घराचे दार निरनिराळ्या मतांच्या धर्मोपदेशकांना सदैव उघडे असे. त्यांचे वादविवाद ऐकत जोसेफ वाढला. दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय मत बनवायचे नाही, ही सवय त्याला तिथेच लागली.

पौगंडावस्थेत तो इतका आजारी पडला, की वाचण्याची आशा सुटली होती. आजार सरला, पण वाणीतला तोतरेपणा जन्मभर राहिला. ज्याला पुढे व्यासपीठावरून प्रवचने द्यायची होती, त्याच्या वाट्याला हे व्यंग यावे हा दैवदुर्विलास होता. लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांबरोबरच फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि अरबी या भाषांचाही त्याने अभ्यास केला. परंतु आदिमानव अॅडमच्या पापाबद्दल आपल्याला मनोमन पश्चात्ताप होतो, असे तो प्रामाणिकपणे म्हणू शकला नाही. त्यामुळे घरच्या चर्चने त्याला पूर्ण सदस्यत्व नाकारले. न पटलेली गोष्ट तोंडदेखली मान्य करायची नाही, या स्वभावाची ही पहिली किंमत होती. याहून मोठी किंमत पुढे मोजायची होती.

इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी मतभेद असणाऱ्यांना तेव्हा ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे बंद होती. प्रीस्टली यांनी डॅव्हेंट्री येथील विरोधी पंथीयांच्या विद्यालयात शिक्षण घेतले. १७५५ मध्ये नीडहॅम मार्केट येथे उपदेशकाची पहिली नोकरी मिळाली. तोतरेपणा आणि प्रस्थापितांना न रुचणारी मते यांमुळे तिथे त्यांचे बस्तान बसले नाही. त्यानंतर नँटविच येथे त्यांनी शाळा काढली. तुटपुंज्या मिळकतीतून शाळेसाठी हवेचा पंप आणि विजेचे यंत्र विकत घेतले आणि विद्यार्थ्यांच्या हातून प्रयोग करून घेतले. १७६१ मध्ये ते वॉरिंग्टन अकादमीत भाषा शिकवू लागले. पुढच्याच वर्षी लोखंडाच्या कारखानदाराची कन्या मेरी विल्किन्सन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. लंडनभेटीत बेंजामिन फ्रँकलिन यांची ओळख झाली. त्यांच्या प्रोत्साहनाने विजेच्या शास्त्राचा इतिहास लिहून झाला आणि १७६६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही मिळाले. रसायनशास्त्राचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी कुठेच घेतले नव्हते.

शेजार बिअर कारखान्याचा

१७६७ मध्ये प्रीस्टली लीड्सच्या मिल हिल चॅपलचे उपदेशक झाले. पगार वर्षाला शंभर गिनी होता. आरंभी काही काळ कुटुंबाला ज्या घरात राहावे लागले, त्याच्या लगतच बिअरचा कारखाना होता. दुसऱ्या कोणी वासाची तक्रार केली असती. प्रीस्टली यांनी मालकाची परवानगी काढून थेट आंबवणीच्या पिंपांपाशी मुक्काम ठोकला.

सातूचे गोड पाणी आंबू लागले, की यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने पिंपातील फेसावर दाट थर धरून बसतो. स्कॉटलंडचे जोसेफ ब्लॅक यांनी त्याचे गुणधर्म १७५० च्या दशकात तपासले होते. त्याला तेव्हा स्थिर वायू म्हणत. प्रीस्टली यांना हा वायू कोणताही खटाटोप न करता पिंपांवर हवा तेवढा मिळाला. जळती मेणबत्ती किंवा ढलपी त्या थरात धरली, की ती तत्काळ विझे. विझल्यावर निघालेला धूर वायूच्या थरावर साचून राही. मग तो पिंपाच्या काठावरून ओघळत जमिनीकडे उतरे. डोळ्यांना न दिसणारा वायू त्या धुरामुळे पाण्यासारखा वाहताना दिसू लागला.

याच पिंपावर त्यांनी दोन भांडी धरली आणि एकातून दुसऱ्यात पाणी ओतत राहिले. दोन-तीन मिनिटांत ते पाणी आंबूस, चुरचुरीत आणि चवदार झाले. जर्मनीतील पिरमाँट येथील झऱ्याचे नैसर्गिक सोडायुक्त पाणी औषधी म्हणून त्या काळी दूरदूर पाठवले जाई आणि महागड्या किमतीला विकले जाई. लीड्समध्ये तसेच पाणी फुकट तयार झाले.

कारखान्याशेजारचे घर सुटल्यावर हा आयता पुरवठा थांबला. तेव्हा त्यांनी घरीच वायू तयार करायचे ठरवले. खडूच्या भुकटीवर गंधकाम्ल टाकायचे आणि निघालेला वायू जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत धरायचा. पिशवीची नळी पाण्याने भरून उलट्या ठेवलेल्या बाटलीत सोडायची, पिशवी दाबत राहायचे आणि बाटली जोरजोराने हलवायची. अशी ही कृती होती. १७७२ मध्ये त्यांनी ती छोट्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. दाब देणाऱ्या यंत्राची मदत घेतली, तर पाण्यात याहून कितीतरी अधिक वायू मुरवता येईल, अशी अपेक्षाही त्यांनी त्या काळात व्यक्त केली होती. सोडावॉटरच्या आणि बिअर भरण्याच्या साऱ्या आधुनिक व्यवसायाचे बीज या एका अपेक्षेत होते.

ही पुस्तिका नौदलाचे प्रमुख लॉर्ड सँडविच यांना अर्पण केली होती. दीर्घ सागरी प्रवासात खलाशांना जडणाऱ्या स्कर्व्हीवर हे पाणी उतारा ठरेल, असे प्रीस्टली यांना वाटले होते. कॅप्टन कुक यांच्या १७७२ च्या दुसऱ्या सफरीवर त्याची माहिती आणि साधने धाडण्यात आली. हा तर्क चुकीचा ठरला. स्कर्व्हीचे मूळ क जीवनसत्त्वाच्या अभावात आहे आणि बुडबुड्यांचा त्यावर इलाज नाही. तरीही पाणी लोकांना आवडले. प्रीस्टली यांनी त्यावर ना हक्क सांगितला, ना दुकान काढले. त्यातून व्यवसाय उभा केला तो जिनिव्हाचे योहान याकोब श्वेप यांनी. १७८३ मध्ये त्यांनी उद्योग सुरू केला आणि १७९२ मध्ये ते लंडनला आले.

पिशवीच्या वासाचा वाद

प्रीस्टली यांच्या साधनावर पहिली तक्रार आली ती चवीची. डॉ. जॉन मर्व्हिन नूथ यांनी मूत्राशयाच्या पिशवीमुळे पाण्याला मूत्राचा दर्प येतो, असा आक्षेप घेतला. १७७५ मध्ये त्यांनी एकावर एक बसणाऱ्या तीन काचपात्रांचे स्वतःचे साधन जाहीर केले. तळाच्या पात्रात वायू तयार होई आणि मधल्या पात्रातील पाण्यात शिरे. दोहोंमध्ये एक झडप होती. ती वायूला वर जाऊ देई, पण पाणी खाली उतरू देत नसे. प्रीस्टली यांना हा आक्षेप रुचला नाही. पिशवी स्वच्छ असली तर असा दर्प येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाद क्षुल्लक दिसतो. तथापि वायू शुद्ध हवा, तो एकाच दिशेने जायला हवा आणि त्याचा दाब हाताच्या अंदाजावर सोडता कामा नये, ही या धंद्याची तिन्ही पथ्ये त्या वादातून पुढे आली.

तिसऱ्या पथ्यामागचे गणित १८०३ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी मांडले. तापमान कायम असेल, तर द्रवात विरघळणारा वायू हा द्रवावरील त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असतो. बारावीच्या विद्यार्थ्यांना हा हेन्रीचा नियम पाठ असतो. द्रव जितका थंड, तितका वायू अधिक मुरतो, ही त्याची दुसरी बाजू आहे. प्रीस्टली पिशवी किती जोराने दाबत, याची नोंद कोणी ठेवली नाही. आज ते काम रेग्युलेटर करतो.

पिशवीची जागा रेग्युलेटरने घेतली

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरसाठी परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघराज्याच्या पातळीवर ही मोकळीक मिळाली. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहींच्या तळघरातही त्यामुळे स्टीलचे पिंप आणि शेजारी वायूचा सिलिंडर दिसू शकतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याविना मद्य तयार करता येत नाही, मग ते घरच्यापुरते का असेना. येथे हे तंत्र परवानाधारक कारखाने आणि अलीकडच्या छोट्या ब्रुअरींपुरतेच राहिले आहे. सोड्याच्या यंत्राला मात्र तेच शास्त्र आणि तोच रेग्युलेटर लागतो.

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. २० अंश सेल्सिअसला आतला दाब सुमारे ५७ बार असतो. ३० अंशांना, म्हणजे पनवेलच्या साध्या दिवशीही, तो ७२ बारच्या घरात जातो. पिंपातील बिअरला हवा असतो जेमतेम पाऊण-एक बार. हा प्रचंड दाब उतरवून एका ठरावीक आकड्यावर स्थिर ठेवणे हे रेग्युलेटरचे काम. आत लवचीक पडदा, त्यावर स्प्रिंग आणि खाली बारीक झडप असते. बाहेरचा स्क्रू आत फिरवला, की स्प्रिंग पडद्याला रेटते आणि झडप उघडते. पुढच्या बाजूचा दाब ठरलेल्या आकड्याला पोहोचला, की तोच दाब पडदा मागे ढकलतो आणि झडप मिटते. सगळी करामत एवढीच आहे आणि बिघाडही याच दोन-तीन भागांत होतात.

सर्वांत धोक्याचा बिघाड म्हणजे आपोआप चढणारा दाब. स्क्रूला हात न लावता पुढच्या दाबमापकाचा काटा हळूहळू वर सरकू लागला, तर झडप नीट मिटत नाही असे समजावे. तिच्या बैठकीवर कचरा अडकलेला असतो किंवा बैठक झिजलेली असते. अशा वेळी सिलिंडर बंद करून रेग्युलेटर जाणकाराकडेच द्यावा. इतक्या दाबाचे उपकरण घरी उघडण्याचे धाडस करू नये.

दुसरी तक्रार नेमकी उलटी असते. स्क्रू मागे फिरवूनही काटा खाली येत नाही. पुष्कळदा हा बिघाड नसतोच. पिंपात आधीच जाऊन बसलेला वायू बहुतेक रेग्युलेटर परत सोडून देत नाहीत. अशा वेळी वायूची वाट बंद करावी, स्क्रू पूर्ण सैल करावा आणि पिंपाच्या सुरक्षा झडपेतून दाब मोकळा करावा. मग हवा तो दाब नव्याने लावावा. एवढ्यानेही काटा शून्यावर येत नसेल, तर दाबमापकच बिघडलेले असते. त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून गाडी हाकणे आहे.

सिलिंडर एका रात्रीत रिकामा झाल्याची तक्रार नवख्यांकडून हमखास येते. गॅसच्या शेगडीला जी परीक्षा लावतात तीच इथेही लागू पडते. वॉशर तपासावा, जोड घट्ट करावेत आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. पिंप सोडवून, नळीचे टोक बंद करून यंत्रणेत दाब भरावा आणि सिलिंडर बंद करावा. काही तासांत काटे उतरले तर गळती नक्की समजावी. हीच चाचणी ताज्या बिअरचे पिंप जोडून ठेवून केली, तर काटा उतरणारच, कारण बिअर वायू पीत असते. तिथे गळती नसते, हेन्रीचा नियम असतो.

सिलिंडरच्या बाजूचे दाबमापकही असेच फसवते. आत द्रव शिल्लक असेपर्यंत त्याचा काटा जवळपास एकाच जागी राहतो, फक्त हवामानाप्रमाणे मागेपुढे होतो. द्रव संपल्यावरच तो झपाट्याने घसरतो. म्हणून किती वायू उरला हे काट्यावर पाहू नये, सिलिंडर तोलून पाहावा. वायू वेगाने ओढला तर रेग्युलेटरवर दहिवर धरते. सिलिंडर आडवा ठेवला तर द्रवच रेग्युलेटरमध्ये घुसतो. म्हणून तो उभा आणि बांधलेला असावा. पिंपाचा दाब नळीतल्या दाबापेक्षा वाढला तर बिअर उलट चढून रेग्युलेटर खराब करते. त्यासाठी नळीत एकमार्गी झडप असावी लागते. नूथ यांनी काचेत बसवलेल्या झडपेमागे हीच कल्पना होती.

रेग्युलेटर निर्दोष असूनही बिअर बेचव किंवा नुसताच फेस झाली, तर तापमान पाहावे. ४ अंशांना सुमारे ०.८ बार दाब ठेवला, तर बिअरच्या आकारमानाच्या जवळपास अडीच पट वायू तिच्यात मुरतो. त्यालाही साधारण आठवडा लागतो. तोच दाब २० अंशांना ठेवला, तर वायू दीडपटीच्या आसपासच थांबतो. घाईने दाब वाढवत नेणारा माणूस रेग्युलेटरला दोष देतो, पण दोष त्याच्या उतावीळपणाचा असतो. शेवटची गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. प्रीस्टली यांनी धुराच्या साहाय्याने दाखवल्याप्रमाणे हा वायू खाली साचतो. बंद तळघरात गळती झाली तर मेणबत्ती विझते तसा माणूसही गुदमरतो. सिलिंडरच्या खोलीत हवा खेळती हवीच.

प्राणवायू आणि एक हट्ट

बिअर कारखान्यात लागलेला वायूंचा नाद प्रीस्टली यांना पुढे फार दूर घेऊन गेला. बंद भांड्यात मेणबत्तीने बिघडवलेली हवा पुदिन्याच्या रोपाने पुन्हा शुद्ध होते, हे त्यांनी १७७१ मध्ये पाहिले. पाण्यात विरघळणारे वायू त्यांनी पाऱ्यावर गोळा केले. अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड असे एकामागून एक वायू त्यांनी वेगळे काढले. १७७३ मध्ये रॉयल सोसायटीने कोपली पदक देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी लॉर्ड शेलबर्न यांनी वर्षाला अडीचशे पौंडांवर त्यांना आपल्या पदरी ठेवले. १ ऑगस्ट १७७४ रोजी मोठ्या भिंगाने सूर्याची किरणे पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटली असता त्यांना असा वायू मिळाला, ज्यात मेणबत्ती भडकून जळाली. तो प्राणवायू होता. स्वीडनचे कार्ल शील यांनी तो आधीच मिळवला होता, परंतु त्यांचे लेखन छापून येण्यास १७७७ साल उजाडले.

१७७४ च्याच ऑक्टोबरमध्ये पॅरिसला गेले असता प्रीस्टली यांनी आपला प्रयोग आंत्वान लाव्हाझिए यांना मोकळेपणाने सांगितला. लाव्हाझिए यांनी त्या वायूला आजचे नाव दिले आणि त्यातून ज्वलनाचा नवा सिद्धांत उभारला. प्रीस्टली मात्र जुन्याच समजुतीला चिकटून राहिले. जळणाऱ्या वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचे तत्त्व बाहेर पडते, ही ती समजूत. धर्माच्या क्षेत्रात कोणतेही जुने मत प्रश्न न विचारता न स्वीकारणारा हा माणूस रसायनशास्त्रात अखेरपर्यंत जुन्या मताचा वकील राहिला. काटा कुठे स्थिरावला हे त्यांनी पाहिले, पण त्याचा अर्थ दुसऱ्याने लावला.

जमावाने जाळलेली प्रयोगशाळा

१७८० मध्ये प्रीस्टली बर्मिंगहॅमला आले. जेम्स वॉट, मॅथ्यू बोल्टन, जोसाया वेजवूड, इरॅस्मस डार्विन अशा मंडळींची लूनर सोसायटी तिथे होती. चांदण्यात घरी परतता यावे म्हणून ती पौर्णिमेच्या सुमारास जमे. ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची वर्षे होती. परंतु राजमान्य चर्चवर आणि विरोधी पंथीयांना हक्क नाकारणाऱ्या कायद्यांवर त्यांची लेखणी चालतच राहिली. अज्ञानाच्या जुन्या इमारतीखाली आपण दारूचा कण न् कण पेरत आहोत, अशा आशयाचे त्यांनी एकदा लिहिले. विरोधकांनी तेवढेच उचलले आणि त्यांना दारूगोळावाला जो म्हणून हिणवायला सुरुवात केली. फ्रेंच राज्यक्रांतीला त्यांनी पाठिंबा दिल्यावर तर आगीत तेल पडले.

१४ जुलै १७९१ रोजी बॅस्टिलच्या पाडावाच्या दुसऱ्या वर्धापनदिनानिमित्त बर्मिंगहॅमच्या हॉटेलात भोजन होते. प्रीस्टली त्याला गेलेही नव्हते. संध्याकाळी चर्च आणि राजाच्या नावाने घोषणा देत जमाव रस्त्यावर आला. त्याने आधी विरोधी पंथीयांची प्रार्थनागृहे पेटवली आणि मग फेअर हिल येथील प्रीस्टली यांच्या घराकडे मोर्चा वळवला. पती-पत्नींना सोंगट्यांचा डाव अर्ध्यावर टाकून पळावे लागले. दूर सुरक्षित जागेवरून त्यांना आपल्या घराची मोडतोड ऐकू येत होती. ग्रंथसंग्रह, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते आणि देशातील उत्तम प्रयोगशाळांपैकी एक एका रात्रीत नष्ट झाली. दंगल आणखी तीन दिवस चालली. पुढे नुकसानभरपाई मिळाली ती मागणीपेक्षा कमी आणि उशिरा.

लंडनजवळ हॅकनी येथे त्यांनी पुन्हा संसार मांडला. पण नोकर टिकेनात आणि रॉयल सोसायटीतील ओळखीचे लोक त्यांना टाळू लागले. फ्रान्सने १७९२ मध्ये सन्मानाने नागरिकत्व दिले, त्याने इंग्लंडमधला रोष वाढलाच. मुलांना या देशात भवितव्य नाही हे ओळखून एप्रिल १७९४ मध्ये वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांनी अमेरिकेचे जहाज धरले. ते समुद्रात असतानाच, ८ मे रोजी पॅरिसमध्ये लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. एका शास्त्रज्ञाचे घर राजाच्या नावाने जाळले गेले आणि दुसऱ्याचे मस्तक क्रांतीच्या नावाने उडवले गेले.

सस्क्वेहाना नदीच्या काठी

फिलाडेल्फियातील विद्यापीठाने देऊ केलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापकपद प्रीस्टली यांनी नाकारले. पेनसिल्व्हेनियातील नॉर्दम्बरलँड या सस्क्वेहाना नदीकाठच्या लहानशा गावी ते स्थायिक झाले. इंग्लंडमधून येणाऱ्या समविचारी कुटुंबांची वसाहत तिथे उभी राहील, अशी आशा होती. ती वसाहत झाली नाही. १७९५ च्या अखेरीस धाकटा मुलगा हेन्री गेला. पुढच्या वर्षी, नवे घर पूर्ण होण्याआधीच, पत्नी मेरी निवर्तली. एकाकी प्रीस्टली यांनी त्या घरात प्रयोगशाळा मांडली आणि काम पुन्हा सुरू केले. कार्बन मोनॉक्साइड हा वेगळा वायू त्यांनी तिथेच ओळखला. थॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, ज्या देशात राहतो त्याच्या प्रमुखाचा स्नेह लाभण्याचे समाधान त्यांना उतारवयात मिळाले.

६ फेब्रुवारी १८०४ च्या सकाळी अंथरुणाला खिळलेल्या प्रीस्टली यांनी एका हस्तलिखितातील दुरुस्त्या सांगितल्या. लिहून घेतलेला मजकूर त्यांना वाचून दाखवण्यात आला. तो हवा तसा नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितला. दुसऱ्यांदा वाचलेला मजकूर मनासारखा उतरल्याचे त्यांनी कळवले आणि थोड्याच वेळात प्राण सोडला.

त्यांच्या प्राणवायूच्या शोधाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १८७४ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ याच नॉर्दम्बरलँडच्या घरी जमले. त्या मेळाव्यातील चर्चेतून दोनच वर्षांनी अमेरिकन केमिकल सोसायटी स्थापन झाली. तिचा सर्वोच्च सन्मान प्रीस्टली यांच्याच नावाने दिला जातो. ज्या बर्मिंगहॅमने त्यांना पळवून लावले, त्याच शहराने पुढे त्यांचा पुतळा उभारला. जगभर रोज उघडल्या जाणाऱ्या सोड्याच्या बाटल्यांवर मात्र त्यांचे नाव नसते. त्या पाण्यातून त्यांनी एक पैसाही कमावला नाही. ज्यांना हवे त्यांनी ते घरी करून प्यावे, म्हणून त्यांनी कृतीच छापून टाकली होती.